देवाचं निमित्त कशाला हवं?



आपल्या घरातली बाई एक-दोन रात्री बाहेर राहिली तरी कुणी भुवया उंचावत नाही, अशी कारणं किती, ते मी परवा बोटांवर मोजलं. लग्न, बाळंतपण, आजारपण, दुखवटा आणि तीर्थयात्रा. पाच झाली आणि एका हाताची बोटं संपली. पुरुषांच्या यादीत सहावं कारण असतं, 'मला आवडतं म्हणून'. वानखेडेवर मॅच बघायला जाणाऱ्याला, मित्रांबरोबर गड चढायला जाणाऱ्याला कुणी विचारत नाही की यात धर्म कुठे आहे. बाईने हे सहावं कारण सांगितलं की मात्र विचारणारे भेटतात. त्यात बायकाच जास्त असतात, हेही खरं.

निमित्त आहे कोल्डप्लेचं. आपल्यापैकी बऱ्याच जणींनी हे नाव बातम्यांत ऐकलं असेल, म्हणून थोडक्यात सांगते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकणाऱ्या चार मुलांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस हा बँड सुरू केला. आता ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहेत आणि अजून तेच चौघं एकत्र वाजवतात. २०२५ च्या जानेवारीत १८, १९ आणि २१ तारखेला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये आणि २५-२६ ला अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियममध्ये त्यांचे कार्यक्रम झाले. माझी सून त्यांची गाणी कॉलेजात असल्यापासून ऐकते. ती २६ चा कार्यक्रम बघायला अहमदाबादला गेली आणि तेव्हापासून मंदिरात मला काय काय विचारलं जातंय त्याला हे एकत्र उत्तर समजा.

पहिला प्रश्न असतो, नेरूळ जवळ असताना अहमदाबाद कशाला? डोंबिवलीहून निघालं आणि ठाण्याला गाडी बदलली की तासाभरात नेरूळ येतं, हे तिलाही माहीत आहे. पण २२ सप्टेंबर २०२४ ला, रविवारी दुपारी तिकीटविक्री उघडली तेव्हा एक कोटीहून जास्त माणसं तिकिटासाठी मोबाइलला चिकटली होती, असं नंतर बातम्यांत आलं. आमच्या घरी तीन फोन लावून बसलो होतो. सुनेच्या पुढे रांगेत साडेचार लाख माणसं दिसत होती, आणि आमच्या ह्यांच्या फोनवर तर त्याहून जास्त. गर्दी पाहून त्याच दिवशी तिसरी तारीख वाढवली, तीही गेली. मग नोव्हेंबरमध्ये अहमदाबादची तिकिटं निघाली तेव्हा तिला एक मिळालं. साडेचार हजारांचं.

मधल्या काळात काळाबाजार सुरू झाला होता. अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंतची मूळ तिकिटं काही लाखांना विकायला ठेवल्याच्या बातम्या होत्या. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी केली, पुढे ईडीचे छापेही पडले. सुनेला ऑफिसातल्या कुणीतरी नेरूळचं तिकीट चौपट भावाने देऊ केलं होतं. ती मला विचारायला आली. मी तिला तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय काढून अचौर्य अणुव्रताचे अतिचार दाखवले. त्यात चोरीचा माल घेणं आहे आणि 'विरुद्धराज्यातिक्रम' म्हणजे राज्याचा कायदा डावलून केलेला व्यवहारही आहे. ती हसली आणि म्हणाली, "आई, कोल्डप्लेसाठी उमास्वामी?" पण तिकीट घेतलं नाही. व्रत हे अशाच ठिकाणी उपयोगी पडतं, पूजेच्या ताटात काय परीक्षा होणार!

आता मुख्य आक्षेपाकडे येते. आमच्या पाठशाळेतल्या एक ज्येष्ठ आक्का, ज्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणाल्या की हे सगळं अनर्थदंडात जातं, आणि त्यातही दुःश्रुतीत. म्हणजे ज्याने राग-द्वेष वाढतात असं काही ऐकणं. शास्त्राच्या दृष्टीने त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मग तो हिशेब सगळ्यांचा करावा लागेल. संध्याकाळी सात ते दहा घराघरात चालणाऱ्या मालिका, ज्यात सासू सुनेच्या दुधात काहीतरी कालवते, त्या कुठल्या श्रुतीत बसतात? लग्नाच्या संगीताला डीजे लावतो, त्यासाठी नाच शिकवणारा माणूस पैसे देऊन बोलावतो, तो आवाज कोणत्या व्रतात बसतो? तिथे अनर्थदंड आठवत नाही, आणि एकटी बाई गाणं ऐकायला निघाली की आठवतो. असं असेल तर आपली हरकत गाण्याला नाही, ती एकटीने निघण्याला आहे. मग तसं स्पष्ट म्हणावं, शास्त्राला मध्ये घेऊ नये.

श्रावकाची व्रतं अणुव्रतं आहेत. अणु म्हणजे लहान, मर्यादेतलं. सगळं सोडणं मुनींना सांगितलंय. आपल्याला सांगितलंय ते परिमाण ठरवायला. म्हणून माझ्या मते खरा प्रश्न 'जावं की न जावं' हा नसून 'कोणत्या मर्यादेत' हा आहे. मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे मला मर्यादा आकड्यांत दिसते. सुनेचा सगळा खर्च असा झाला: तिकीट साडेचार हजार, जाण्यायेण्याची रेल्वे अडीच हजार, पाच जणींत दोन खोल्या घेतल्या त्यातला तिचा वाटा तीन हजार (कार्यक्रमामुळे हॉटेलवाल्यांनी भाव चढवले होते), मेट्रो-रिक्षा-खाणं हजारच्या आत. अकरा हजार. आमच्या एका नात्यातल्या लग्नाला गेल्या वर्षी आम्ही चौघं गेलो, तेव्हा आहेर, साड्या आणि प्रवास धरून याच्या तिप्पट गेले, आणि त्या लग्नात मला ओळखणारी माणसं सात होती.

सून नोकरी करते, स्वतःच्या पगारातून गेली, म्हणून चाललं असं काही जणींचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही. मी आयुष्यभर घर सांभाळलं. माझ्या नावाने पगाराची पावती कधी आली नाही, म्हणून माझ्या आवडीचा हक्क कमी होतो का? घरखर्चाच्या वहीत किराणा, दूध, शाळा, औषधं, दानधर्म अशी खाती असतात. त्यात घरातल्या बाईच्या आवडीचं एक खातं असावं, वर्षाला दोन हजारांचं का होईना. ज्या खर्चाला वहीत जागा नसते तो चोरून करावा लागतो.

चोरून म्हटल्यावर, जिच्यामुळे मी हे लिहायला बसले तिच्याबद्दल सांगायला हवं. तिची ओळख लागेल असं काही लिहीत नाही.

कार्यक्रम संध्याकाळी उशिरा सुरू होणार होता आणि सूर्यास्त सव्वासहा-साडेसहाच्या दरम्यान. बाहेरचा डबा आत नेऊ देत नाहीत. म्हणून सून मोटेऱ्याला स्टेडियमच्या बाहेरच, साडेपाचला, फुटपाथच्या कडेला डबा उघडून बसली. तिच्यापासून चार हातांवर आणखी एक बाई अशीच घाईघाईने खात होती. दोघींनी एकमेकींच्या डब्याकडे पाहिलं. "तुमचंही दिवस मावळायच्या आत का?" एवढ्यावर ओळख झाली. ती आपल्यातलीच निघाली, आपल्याच बाजूची, चाळिशी ओलांडलेली, एकटीच आलेली. घरी सांगून आली होती की तारंग्याला दर्शनाला जाते. सगळ्या जणी फोटो काढत होत्या तेव्हा ती बाजूला सरकली. कुणाच्या फोटोत चुकून दिसू नये म्हणून पूर्ण वेळ ओढणी डोक्यावरून घेऊन बसली. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून, गाडी करून, ती खरंच तारंग्याला जाऊन आली, सांगितलेलं अगदीच खोटं ठरू नये म्हणून.

हे ऐकल्यापासून मला चैन नाही. तारंगा सिद्धक्षेत्र आहे. तिथे डोंगर चढताना त्या बाईच्या मनात काय चाललं असेल? दर्शनाचा भाव असेल, की घरी दाखवायला एखादा फोटो मिळतोय का याचा? खोटं ती बोलली हे खरं आहे, सत्य अणुव्रताला धक्का लागला हेही खरं. पण ज्या घरात बाईला बाहेर पडायला देवाचं नाव घेतल्याशिवाय दार उघडत नाही, त्या घराचा त्यात काहीच वाटा नाही का? आणि नुकसान फक्त तिचं झालं का? तीर्थाचंही झालं. आपण यात्रेला इतर सगळ्या हौसेचं झाकण करून टाकलंय. माथेरानला जायचं असलं की वाटेतलं एखादं मंदिर शोधायचं. माहेरी चार दिवस राहायचं असलं की कुंभोज बाहुबलीचा नेम काढायचा. मग यात्रेत मन कसं लागणार?

मी २०१८ साली श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकाला गेले होते. बारा वर्षांनी येणारा तो सोहळा. डोंगरावर ती सत्तावन्न फुटी बाहुबलींची मूर्ती, वरून दुधाची, केशराची धार, आणि भोवती कुठून कुठून आलेली माणसं. माझ्या शेजारी उभी असलेली बाई कन्नड बोलत होती, मला एक अक्षर कळत नव्हतं, तरी आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून रडलो. सुनेने अहमदाबादहून आल्यावर जे सांगितलं त्यात मला याची थोडी आठवण झाली. थोडीच. दोन्ही एक आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. तिथे आपण स्वतःला विसरून वीतरागाकडे पाहतो, इथे आवडत्या सुरात रमतो. पहिल्यात कर्माची निर्जरा आहे, दुसऱ्यात मनाचा आनंद. दोन्ही वेगळी आहेत म्हणूनच एकाला दुसऱ्याचं नाव देऊ नये. पण अनोळखी माणसांत 'हे आपलं माणूस' असं वाटण्याची जी ऊब असते, ती माणसाला लागते. मुनिसंघाच्या विहारात पुढच्या गावापर्यंत चालत जाणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांना दर्शन हवं असतं, आणि एकमेकींची सोबतही हवी असते. अमेरिकेत ग्रेटफुल डेड नावाचा एक बँड होता, त्याच्यामागे लोक अक्षरशः गावोगाव फिरत असत.

सुनेबरोबर गेलेल्या चौघी अशा: कल्याणची एक शिक्षिका, दोन वर्षांत निवृत्त होणारी, घोडबंदर रोडवरच्या दोघी सख्ख्या बहिणी, आणि ठाण्याच्या एका इस्पितळातली नर्स, जिने तीन रात्रपाळ्या बदलून घेतल्या होत्या. सप्टेंबरच्या त्या तिकिटाच्या रांगेच्या दिवसापासून मोबाइलवर ओळख, प्रत्यक्ष भेट बोरिवली स्टेशनावर. "अनोळखी बायकांबरोबर पाठवलंत?" असं मला विचारलं गेलं. मी त्यांच्याशी आधी फोनवर बोलले होते, शिक्षिकाबाईंशी तर अर्धा तास. शिवाय 'पाठवलंत' हा शब्द छत्तीस वर्षांच्या बाईला लावायचा का, हाही एक प्रश्नच आहे. नात दोन दिवस आमच्याकडे होती. मुलाने तिची वेणी घातली, वाकडी घातली, शाळा चुकली नाही.

२६ ला प्रजासत्ताक दिन होता. कार्यक्रम मोबाइलवर, टीव्हीवर थेट दाखवला, म्हणून आम्हीही घरी पाहिला. क्रिस मार्टिन, त्यांचा गायक, त्याने 'माँ तुझे सलाम' गायलं तेव्हा हे उठून उभे राहिले. नेरूळला तो मराठीतही दोन वाक्यं बोलला होता. सगळ्या प्रेक्षकांच्या मनगटावर दिव्यांचे पट्टे असतात, ते गाण्याबरोबर रंग बदलतात. लाखावर माणसं होती, ते सगळं स्टेडियम चांदण्यासारखं दिसत होतं. मग एवढं घरी दिसत असताना तिकडे जायचं कशाला, हे मीही विचारलं. सून म्हणाली, "आई, महामस्तकाभिषेकही टीव्हीवर दाखवला होता." यावर मी चहा ठेवायला उठले.

ते पट्टे मला फार आवडले. वनस्पतीपासून बनवलेले, कार्यक्रम संपल्यावर परत द्यायचे. कोणत्या शहराने किती टक्के परत केले ते मोठ्या पडद्यावर लावतात. सुनेला आठवण म्हणून ठेवावासा वाटला होता, पण तिने परत केला. प्रेक्षकांनी सायकल मारली की वीज तयार होते, अशीही सोय होती म्हणे.

जे आवडलं नाही तेही सांगते. आवाज. ठाणे जिल्ह्याच्या बालसंरक्षण विभागाने नेरूळच्या कार्यक्रमाआधी आयोजकांना नोटीस दिली होती की लहान मुलांना कानाच्या संरक्षणाशिवाय आत घेऊ नये, मुलांना रंगमंचावर वापरू नये. ती अगदी योग्य होती. नातीला न्यायचा विषय निघाला होता, तो मी तिथेच थांबवला. मोठ्यांनीही कानात बोळे घालावेत. शिक्षिकाबाईंनी सगळ्यांसाठी नेले होते. आणि पस्तीस हजारांचा लाउंज हा प्रकार मला कळलेला नाही. त्याच बँडने दोन हजारांची काही तिकिटंही ठेवली होती, जोडीनेच घ्यायची, जागा कुठली ते त्या दिवशी कळणार. ते बरं.

आपल्याकडे बायका आणि परदेशी बँड यांचं नातं काही आजचं नाही. १९८० साली 'द पोलीस' हा त्या काळचा गाजलेला इंग्लिश बँड मुंबईत वाजवायला आला, तो 'टाइम अँड टॅलेंट्स क्लब' या बायकांच्या संस्थेने मदतनिधी उभा करण्यासाठी आणला होता. मुंबईच्या प्रतिष्ठित घरांतल्या बायका, बऱ्याचशा पारशी. त्यांना कुणी विचारलं असेल का, या वयात हे काय?

माझं स्वतःचं सांगायचं तर मला बँडबिंड काही कळत नाही. मला पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवात रात्रभर बसून भीमसेन जोशींचं गाणं ऐकायचं होतं. डिसेंबर आला की दरवर्षी काहीतरी असायचं: सहामाही परीक्षा, दिरांकडचं कार्य, सासूबाईंचं पथ्य. डोंबिवलीहून पुणे ते काय लांब! पंडितजी २०११ च्या जानेवारीत गेले. तेव्हा महोत्सव रात्रभर चालायचा, आता तोही वेळेत आटपावा लागतो. यंदा आम्ही मंदिरातल्या तिघी जणी डिसेंबरात जायचं म्हणतोय. वाटेत कुठलंही क्षेत्र जोडलेलं नाही. एकीने विचारलं, घरी काय सांगू? मी म्हटलं, गाणं ऐकायला जाते म्हणून सांग.

अहमदाबादहून परतल्यावर पंधरा दिवसांनी त्या पाच जणी डोंबिवलीत भेटल्या, आमच्याच घरी. चौघी आपल्या समाजातल्या नाहीत, तरी वेळ त्यांनीच पाचची ठरवली, हिला दिवस असताना खाता यावं म्हणून. नर्सबाई तर ड्यूटीवरून थेट आल्या, गणवेशातच. आपण सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत वात्सल्य शिकतो ते सधर्मींविषयी. या बायकांनी ते कुठल्या पाठशाळेत शिकलं मला माहीत नाही. तारंग्याच्या त्या बाईलाही बोलावलं होतं. तिने फोन उचलला, "बघते" म्हणाली, आली नाही.

डब्यात काय दिलं होतं असं दोघी-तिघींनी विचारलंय, म्हणून लिहून टाकते. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, म्हणजे दोन दिवस मऊ राहतात. जिरं-मिरचीची शेंगदाणा चटणी, लसूण अर्थातच नाही. मेथीचे खाकरे, भाजलेले चणे आणि गूळ. पिकलेली केळी देऊ नका, पर्समध्ये चेंबतात. राजेळी केळ्याचे सुके काप बरे. पाण्याची बाटली फाटकावर काढून घेतात, तेव्हा जिचा रात्री पाण्याचाही त्याग आहे तिने आत शिरायच्या आधीच पोटभर पिऊन घ्यावं.